तोंडातली बायोप्सी, धंतोली: हाताला पाचपैकी पाच, नंतरच्या काळजीला दोन

सरळ मुद्द्याचं बोलते. गालाच्या आतल्या बाजूची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, मी नागपुरात धंतोलीतल्या एका ओरल सर्जनकडे केली. कोणी विचारलं की तिथं करावी का, तर मी हो म्हणीन, पण सोबत हेही सांगीन की घरी निघायच्या आधी काउंटरसमोर खुर्ची टाकून बसा आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत तोंडात काय काय होणार ते सगळं वदवून घ्या, कारण आपणहून कोणी सांगत नाही. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. डॉक्टरचा हात खरंच चांगला आहे, आणि माझी जी तक्रार आहे तीच तक्रार दुसरीकडे करून आलेल्या दोन-तीन ओळखीच्यांनी पण केली, मग एकट्यालाच काऊन झोडपायचं.

दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या बारीक रेषांची जाळी दिसायला लागली होती, आणि तिखट लागलं की आग. घरात सगळ्यात जास्त तिखट खाणारी मीच, आणि मीच साध्या वरणातल्या मिरचीनं हाय हाय करायला लागले. तर्री पोहा नको म्हटलं त्या दिवशी नवऱ्याला पहिल्यांदा वाटलं की मामला सिरियस आहे. आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरनं आरसा धरून पाहिलं आणि म्हणाले की हे लायकेन प्लॅनस असावं, पण उजवीकडे एका ठिकाणी पांढरं जाड झालंय, ते ल्युकोप्लाकिया (पुढं कॅन्सरकडे जाऊ शकणारा पांढरा डाग) आहे की तेच आहे हे नुसतं बघून ठरवता येत नाही, छोटा तुकडा काढून तपासून घ्या. आणि मग तो प्रश्न. "खर्रा खाता का?" बाप्पा, मला हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारला की शेवटी मी नाव सांगायच्या आधी "खर्रा खात नाही" सांगायला लागले. विचारणाऱ्यांना दोष नाही म्हणा. गुटखा २०१२ पासून महाराष्ट्रात बंद आहे पण आपल्याकडे सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून घोटून खर्रा म्हणून चौकाचौकात विकून राहिले, तर डॉक्टरच्या डोक्यात पहिलं तेच येणार. पण ज्यांनी कधी पानसुद्धा खाल्लं नाही त्यांनाही तोंडात पांढरं होऊ शकते, लायकेन प्लॅनसमध्ये शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशीच आपल्याच तोंडाच्या आतल्या पडद्यावर उलटतात, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये ते जास्त दिसते, हे मला स्वतःला झाल्यावर समजलं.

बायोप्सी शब्द घरात निघाल्याबरोबर सासूबाईंच्या बहिणीनं फोनवरून जाहीर केलं की सुई-चाकू लागला की कॅन्सर पसरते, कोणाच्या तरी जावयाचं असंच झालं. हे मी डॉक्टरांना जसंच्या तसं विचारलं, आणि या बाबतीत त्यांना पूर्ण मार्क. हसले नाहीत, उडवून लावलं नाही. म्हणाले, "ताई, लोक येतात उशिरा, आजार तोपर्यंत वाढलेला असते, मग बायोप्सी होते आणि नंतर जे दिसते त्याचा आळ बायोप्सीवर येतो. धोका तुकडा काढण्यात नाही, न तपासता घरी बसण्यात आहे." हे वाक्य मी स्पीकरवर मावशींना ऐकवलं. पटलं नाही, पण गप्प बसल्या.

क्लिनिकबद्दल बोलायचं तर लिफ्ट छोटी, वेटिंग रूम मोठी, एसी भरपूर. मे महिन्यात नागपुरात एसी चालू असलेली वेटिंग रूम म्हणजे अर्धा रिव्ह्यू तिथंच चांगला होऊन जाते. पार्किंग नाही, धंतोलीत कोणाकडेच नाही. अपॉइंटमेंटच्या वेळेनंतर बराच उशीर झाला पण आत गेल्यावर घाई केली नाही. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, सगळं विचारून लिहून घेतलं, संमतीच्या कागदावर सही घेतली. मराठीतला कागद पाहिजे होता, होता तो इंग्रजी आणि हिंदीत. नागपुरात हे काऊन कोणाला सुचत नाही कोण जाणे.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यांना भीती याचीच असते, आणि सगळ्यात कमी त्रासाची गोष्ट हीच निघाली. आधी गालाला आतून बधिर करायचं जेल, मग इंजेक्शन. ते टोचते, खोटं काऊन सांगू, डोळ्यात पाणी आलं, पण काही सेकंदांचा खेळ. लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध असते त्यात आणि रक्त कमी यावं म्हणून थोडं अ‍ॅड्रिनलिन, त्यानं थोडा वेळ छातीत धडधडल्यासारखं होते आणि हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून मी घाबरले नाही. (बघा, सांगितलं की माणूस घाबरत नाही. लक्षात ठेवा, पुढं कामी येते.) इंजेक्शन डागाच्या आत नाही देत, बाजूनं देतात, नाहीतर तुकडा फुगून मायक्रोस्कोपखाली नीट दिसत नाही म्हणे. मग दहा मिनिटं काहीतरी ओढल्यासारखं, दाबल्यासारखं, दुखणं शून्य. मसुराच्या डाळीएवढा तुकडा. काळ्या रेशमी धाग्याचे टाके. तुकडा फॉर्मलिनच्या (तो खराब होऊ नये म्हणूनचं द्रावण) बाटलीत टाकून माझ्यासमोर लेबलवर नाव, वय, कोणत्या गालाचा ते लिहिलं आणि मला वाचायला लावलं. हे फार आवडलं. तुम्ही कुठंही करा, पण बाटलीवरचं नाव स्वतः वाचा, त्यात लाजायचं काही नाही, लॅबमध्ये अशा बाटल्या रांगेनं असतात.

गाडी चालवायला सोबत माझे दीर आले होते. आता भाऊजींचं असं की ते वीस-पंचवीस वर्षांपासून खर्रा खातात आणि जेवताना मोठा घास घेत नाहीत, आम्हाला वाटे सवय असेल. मला खुर्चीतून उठवून बाहेर आणलं तेव्हा डॉक्टरांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं, म्हणाले जरा आ करा. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जायला पाहिजेत म्हणे. भाऊजींची दोन गेली, तीही कशीबशी. गालाच्या आत हात लावून पाहिलं तर कडक दोऱ्या. सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचा आतला पडदा कडक होऊन आकसणं. एक रुपया न घेता त्यांनी दहा मिनिटं उभ्या उभ्या समजावलं की सुपारीनं हे होते, तंबाखू नसलेल्या सुपारीनंही होते, जे आकसलं ते पूर्ण पहिल्यासारखं होत नाही पण सोडलं तर वाढायचं थांबू शकते, आणि यातूनच पुढं कॅन्सर होऊ शकते म्हणून नियमित दाखवा. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, मी तं तुम्हाला सोडायला आलो होतो." सध्या ते कमी केला म्हणतात, किती कमी ते पानठेलेवालाच सांगू शकते. पण डॉक्टरला यासाठी माझ्याकडून जास्तीचा एक स्टार.

आणि आता जिथं सगळी गाडी घसरली तिथं येऊ. टाके झाल्यावर सिस्टरनं गालात गॉजचा बोळा दाबून दिला, हातात प्रिस्क्रिप्शन ठेवलं, आणि म्हणाली, "थंड खा, तिखट नको, आठवड्यानं टाके काढायला या." संपलं. हे एवढंच. एवढी सुंदर कामगिरी करून शेवटी एक छापील कागद देत नाहीत, आणि त्या एका कागदाअभावी माणूस घरी जाऊन रात्री-बेरात्री जे घाबरते त्याचा हिशोब कोण ठेवते?

त्या कागदावर काय पाहिजे होतं ते मी सांगते, कारण मला ते मिळालं आमच्या कॉलनीतल्या एका मुलीकडून, ती मेडिकलजवळच्या (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजजवळच्या) सरकारी दंत महाविद्यालयात इंटर्नशिप करून राहिली. क्लिनिकला फोन लावला तर रिसेप्शनवरची म्हणाली, "मॅडम, सर सोमवारी भेटतील." आणि ही पोरगी ड्युटीवरून आली तशी, डोक्याचा स्कार्फ न सोडता, मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या तोंडात बघून गेली.

पहिलं म्हणजे बधिरपणा. दोन-तीन तास, कधी जास्तही, गाल आणि ओठ आपले नसतात. तेवढ्या वेळात गरम चहा प्यायचा नाही, भाजलेलं कळत नाही, आणि काही चावायचं नाही, कारण आपलाच गाल आपण चावतो आणि बधिरपणा उतरल्यावर बायोप्सीच्या जखमेपेक्षा ती चावलेली जागा जास्त दुखते. दुखण्याची गोळी बधिरपणा पूर्ण उतरायच्या आधी घ्यायची, दुखायला लागल्यावर नाही. मला पॅरासिटामॉल दिली होती आणि ती पुरली, कोणी घरातली अ‍ॅस्पिरिन सुचवेल तर ती घ्यायची नाही, रक्त येत राहते. (ज्यांना हृदयासाठी डॉक्टरनं रोज लावून दिली आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी आपल्या मनानं बंद करायची नाही, आधी विचारायचं.)

दुसरं, रक्त. गॉज काढल्यावर थुंकी गुलाबी-लाल दिसली आणि माझे पाय लटपटले. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की वाटीभर वाटते. पहिल्या दिवशी जोरानं थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, कारण तोंडात ओढ बसली की जखमेवर धरलेली गाठ निघून येते. हे स्ट्रॉचं तर कोणीच सांगितलं नव्हतं, आणि उन्हाळ्यात घरच्या माणसांचं प्रेम म्हणजे सारखं स्ट्रॉ घालून नारळपाणी हातात देणं. पुन्हा रक्त आलंच तर स्वच्छ गॉज किंवा कपडा ठेवून वीस-तीस मिनिटं न उघडता दाबून धरायचं. न उघडता हे महत्त्वाचं. आपण दर दोन मिनिटाला उचलून बघतो आणि म्हणतो थांबतच नाही.

दुखणं किती ते सगळे विचारतात. पहिली रात्र आणि दुसरा दिवस सगळ्यात वाईट, त्यातही दुखणं म्हणण्यापेक्षा ओढ. जांभई आली की टाके ओढतात, हसलं की ओढतात, फोनवर जास्त बोललं की ओढतात. आणि त्या रेशमी धाग्याची टोकं! जीभ सारखी तिथंच जाते, टोचते, तरी जाते. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वैताग कोणता असेल तर हा. डॉक्टरचा चाकू नाही, सुई नाही, ते तीन मिलिमीटरचे धाग्याचे शेंडे. इंटर्न पोरीचं म्हणणं, "काकू, तुमचं गालाचं आहे म्हणून एवढ्यावर भागलं, जिभेची बायोप्सी असती तर बोलताना-गिळताना जखम हलत राहते, त्याला जास्त त्रास." थोडी सूज आली, बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावायचा आणि काढायचा, पहिल्या दिवशी, त्यानं बरं वाटते. उन्हात स्कुटीवर तोंडाला स्कार्फ घट्ट बांधायची आपली जी पद्धत आहे ती मात्र काही दिवस विसरा, बरोबर त्याच गालावर गाठ येते.

आणि मग तो पांढरा थर. हाच माझा मुख्य राग आहे, म्हणून जरा लांबवते. एकदोन दिवसांनी आरशात पाहिलं तर जखमेवर पांढरट-पिवळट, चिकट, ओलं काहीतरी. वास नाही, पण दिसायला बरोबर पू. रात्रीची वेळ, नवरा म्हणतो इन्फेक्शन झालं, सासूबाई म्हणतात हळद लावा, आणि मला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेली नव्हती त्यामुळे सगळ्यांना कारणही सापडलं. तर तो पू नव्हता, फायब्रिन होतं. रक्तातलंच प्रथिन, ते जखमेवर जाळं विणते आणि त्याच्या खाली नवीन कातडी तयार होते. हातापायाला लागलं तर हेच वाळून खपली होते, तोंडात चोवीस तास लाळ, खपली वाळणार कुठून, म्हणून ती ओली, मऊ, पांढरी-पिवळी दिसते. आठ-दहा दिवसांत आपोआप निघून जाते. ब्रशनं, बोटानं, कापसानं खरवडायचं नाही, खरवडलं की रक्त आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि छोट्या स्वच्छ बायोप्सीला सहसा अँटिबायोटिक लागतच नाही, म्हणजे डॉक्टरनं ती न देणं हे बरोबरच होतं, फक्त तोंड उघडून तेवढं सांगायचं होतं.

मग खरं इन्फेक्शन कसं ओळखायचं? दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला पाहिजे. दोन-तीन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढत गेलं, सूज वाढली, ताप आला, तोंडात घाण चव किंवा दुर्गंधी यायला लागली, गिळायला त्रास झाला, दाबूनही रक्त थांबलं नाही, तर सोमवारची वाट बघायची नाही. ही दोन-चार वाक्यं आहेत हो. छापायला झेरॉक्सच्या दुकानात किती लागतात?

माउथवॉशचाही रिव्ह्यू करून टाकते. ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिन दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ, दुसऱ्या दिवसापासून. काम चांगलं करते, तोंड स्वच्छ राहते, कारण टाक्यांमध्ये अन्न अडकते आणि तिथं ब्रश नीट फिरवता येत नाही. पण त्यानं चव जाते. वरणात मीठच नाही म्हणून मी दोनदा मीठ टाकलं आणि बाकीच्यांनी ताट सरकवलं. दातांवर तपकिरी डाग येतात, चहा पिणाऱ्यांना जास्त, ते नंतर क्लिनिंगमध्ये निघतात, बंद केल्यावर चवही परत येते. टूथपेस्ट आणि हे लागोपाठ वापरायचं नाही, पेस्टमधल्या फेसाच्या घटकानं त्याचा जोर कमी होतो, मध्ये अर्धा तास ठेवा. वापरल्यावर लगेच पाण्यानं चूळ भरायची नाही. आणि हो, आठ-पंधरा दिवसांच्या वर आपल्या मनानं चालू ठेवू नका. मला सगळ्यात आराम कशानं पडला तर कोमट मिठाच्या पाण्यानं. दुसऱ्या दिवसापासून, जेवण झाल्यावर, खळखळ न करता नुसतं तोंडात धरून मान इकडून तिकडे कलवायची आणि वाकून सोडून द्यायचं. फुकटात पाच स्टार. बधिर करणारं जेल पण दिलं होतं, जेवणाआधी लावायचं, लावल्यावर गरम खायचं नाही, चव अशी की जेवायची इच्छाच जाते. तीन स्टार.

खाण्याचं नागपूरकरांना वेगळं सांगावं लागेल, कारण 'तिखट नको' या दोन शब्दांत आपला अर्धा स्वयंपाक बाद होतो. थंड दहीभात, मऊ मुगाची खिचडी पण पूर्ण निवलेली, शेवयांची खीर, रव्याची पेज, कुस्करलेलं केळं, टरबुजाच्या फोडी, हे सगळं चाललं. दुसऱ्या गालानं खायचं. आइस्क्रीम चाललं पण सुकामेवा नसलेलं, बदामाचा एक तुकडा टाक्यात जाऊन बसला की मग समजते. कैरीचं पन्हं आणि संत्र्याचा रस अजिबात नाही, आंबट लागल्याबरोबर जखम बोंबलते. चिवडा, पापड, कडक टोस्ट, भाकरीचा पापुद्रा, कुरकुरीत काहीच नको, कोपरे टोचतात. त्या आठवड्यात नेमकं घरातल्या एका साक्षगंधाचं जेवण होतं आणि समोर पाटवडी रस्सा, मी श्रीखंड आणि साधा भात खाऊन परत आले. आणि पाणी भरपूर प्या, माठातलं चालते, एकदम फ्रिजमधलं दाताला लागते. कूलरसमोर तोंड उघडं ठेवून झोपलं की तोंड वाळून सकाळी टाके जास्त ओढतात, हे उन्हाळ्यात करणाऱ्यांसाठी खास.

टाके काढायला साधारण आठवड्यानं बोलावतात, ते काम दोन मिनिटांचं. चिमट्यानं उचललं, कट, ओढलं, गुदगुल्या झाल्यासारखं, बस. विरघळणारे टाके पण असतात, ते काढावे लागत नाहीत, मला आधी माहीत असतं तर विचारलं असतं. एवढ्यात जखम बरीचशी भरून आली होती. तोंडातली जखम बाहेरच्या कातडीपेक्षा लवकर भरते आणि व्रणही कमी राहतो, लाळेतच जखम भरायला मदत करणारी प्रथिनं असतात म्हणतात. आत एक छोटी कडक गाठ मात्र लागत होती जिभेला, ती काही आठवडे राहू शकते आणि हळूहळू मऊ पडते. हे मी टाके काढताना स्वतः विचारलं म्हणून समजलं. विचारलं की डॉक्टर खूप छान सांगतात, खरंच, घड्याळ बघत नाहीत. पण पेशंटला काय विचारायचं तेच माहीत नसते न, पहिल्यांदाच आलेला असतो तो.

शेवटचा मुद्दा रिपोर्टचा. त्याला वेळ लागते हे मान्य. तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरतो, मग मेणात बसवतात, मग चार-पाच मायक्रॉनचे काप काढून रंगवतात, तेव्हा कुठं पॅथॉलॉजिस्ट बघतो, आठवडा जातोच. वाट बघायचं दुखणं हे टाक्यांच्या दुखण्यापेक्षा वरचं, त्याला गोळी नाही. पण लॅबनं काय केलं, रात्री साडेनऊला रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून दिली. ना फोन, ना मेसेज. इंग्रजीत दीड पान. हायपरकेराटोसिस, लिम्फोसाइटचा पट्टा, बेसल पेशींचं अमुक झालं. मुलगा एकेक शब्द मोबाइलवर शोधून वाचून दाखवून राहिला आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघून राहिलो. एकदम खालच्या ओळीत लिहिलं होतं की डिस्प्लेजिया नाही, ओरल लायकेन प्लॅनसशी जुळते. म्हणजे पेशींमध्ये कॅन्सरकडे जाणारे बदल नाहीत. ही ओळ वर लिहायला काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलावून नीट समजावलं: हा आजार जातो-येतो, आग झाली की लावायला स्टेरॉइडची पेस्ट, तिखट सांभाळून, टोकदार दात असेल तर घासून घ्यायचा, आणि याचं पुढं कॅन्सरमध्ये जायचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते म्हणून सहा महिन्यांनी दाखवत राहायचं.

पैशांचं म्हणाल तर बायोप्सीचे वेगळे, लॅबचे वेगळे, आणि लॅबचे आहेत हे आधी सांगत नाहीत, विचारून घ्या. खाजगीत जमत नसेल तर मेडिकलजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं, तिथं अगदी कमी पैशात होते. सकाळी लवकर जा, रांग असते, शिकणारी मुलं तपासतात पण वर सीनियर असतात, आणि माझ्या अनुभवावरून सांगते की ती मुलं बोलतात तरी पेशंटशी. डॉक्टरला गडबड वाटली तर पुढचं बघायला तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, एक शहरात, एक शहराला लागून आहे, मुंबईला पळायची पहिल्या दिवशीच गरज नाही.

तर या क्लिनिकला एकूण साडेतीन. सर्जनला फोनवर हे सगळं सांगितलं मी, रागानं नाही, शांतपणे, ते म्हणाले कागद छापून घेऊ. छापला का ते सहा महिन्यांच्या दाखवण्याला गेले की कळेल, तेव्हा इथंच खाली लिहीन. तोपर्यंत जाणार असाल तर वेळ सोमवारी किंवा मंगळवारी सकाळची मागा, शनिवार संध्याकाळची घेऊ नका, रविवारी तिथं फोन कोणी उचलत नाही. गाडी गल्लीत लावू नका, उचलून नेतात.